दिवसाला एक नख

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे दापोलीला आली. धो धो पाऊस, एसटीचा सव्वा तासाचा प्रवास, दोघंही भिजलेली. मुलाच्या दोन्ही मुठी चड्डीच्या खिशात होत्या आणि जाईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. खाऊ दिला तर त्याने मान पुढे करून तोंड उघडलं, हात बाहेर काढला नाही.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, म्हणजे रोजची साधी कामं ज्यांना जमत नाहीत त्यांना ती जमवून द्यायला मदत करते. चिपळूणला बसते, आठवड्यातला एक दिवस दापोलीला. पुढे जे लिहिते आहे ते घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला बाबू म्हणते. कोकणात निम्म्या घरांत एक तरी बाबू असतोच.

पार्श्वभूमी

गाव हर्णै आणि दाभोळच्या दरम्यान कुठेतरी, समुद्राला लागून. वडील ट्रॉलरवर खलाशी. आई सुकट, सोडे, सुके बोंबील घेऊन आठवड्याच्या बाजारांना जाते. घरात आजी. काका-काकी मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येणारे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणजे वर्षातले हे ६१ दिवस वडील सलग घरी. आमचं सगळं काम या ६१ दिवसांतल्या उरलेल्या दिवसांवर बेतलं गेलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

बाबू नुकताच पहिलीत गेला होता. शाळेत परिपाठानंतर बाई नखं बघत. बाबू मुठी उघडेना. दोन दिवस समजावून झालं, तिसऱ्या दिवशी त्याला 'घाणेरड्या नखांच्या' रांगेत उभं केलं. चौथ्या दिवशी तो शाळेच्या वाटेवरून परत आला. मग आईला निरोप गेला, आणि गावात कुणीतरी माझा नंबर दिला.

अडचण नेमकी काय होती

आईचं पहिलं वाक्य असं होतं: "मॅडम, नेलकटर नुसता दिसला तरी घर डोक्यावर घेतो." चावतो, लाथा मारतो, एकदा तर ओकला. नखं लांब, कडा फाटलेल्या, खाली जांभ्याची लाल माती. रात्री ढुंगण खाजवतो. अंगावर ओरखडे.

मी विचारत गेले तशी आणखी माहिती निघाली. केस कापायला नकार. कान पुसू देत नाही. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी आईला कापून टाकावी लागते. आणि समुद्रकाठच्या गावात राहून हा मुलगा ओल्या वाळूत अनवाणी पाय ठेवत नाही, चपला लागतातच. आजी म्हणते, "नाजूक आहे तो पहिल्यापासून." पण तीच आजी डोक्याला खोबरेल रगडते तेव्हा मात्र हा तिच्या मांडीवर डोळे मिटून पडतो. हे वाक्य मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि दोन आठवडे विसरले.

बोलणं व्यवस्थित. खेळ व्यवस्थित. माझ्या टेबलावरची पट्टी त्याने हनुवटीने ढकलत ढकलत होडी म्हणून चालवून दाखवली, आणि मी हसते की नाही ते बघितलं. वाढीच्या टप्प्यांत कुठे खड्डा दिसला नाही. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका मी मनात तपासली आणि बाजूला ठेवली.

एक गाठ मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती वेळेची होती. आजीच्या नियमानुसार तिन्हीसांजेला नखं काढायची नाहीत, लक्ष्मी जाते. शनिवारी नाहीत. सोमवार महादेवाचा, म्हणून नाहीत. अमावस्येला तर नाहीतच. बाकीच्या दिवशी सकाळी आई बाजाराच्या गडबडीत. उरली रविवारची सकाळ. म्हणजे आठवड्यातून एकदा, सगळं घर हजर असताना, वीसच्या वीस नखांचा कार्यक्रम. बाबूला वार कळायला लागले होते. रविवारी सकाळी तो किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्यांखाली जाऊन बसायचा.

माझं पहिलं निदान, आणि ते कुठे चुकलं

पट्टी टोचते, वाळू नको, केस नको, नखं नकोत. माझ्या विषयातल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. अमेरिकेतल्या जीन एअर्स या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी १९७० च्या दशकात संवेदनांच्या एकत्रीकरणाची कल्पना मांडली. स्पर्श, हालचाल, सांध्यांवरचा दाब या सगळ्याची जुळणी मेंदूत नीट होत नसेल, तर साधा स्पर्शही अंगावर येतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. कल्पना उपयोगी आहे. पण 'संवेदनांचा आजार' असा शिक्का मारू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मला हे पाठ आहे. तरीही मी बाबूच्या बाबतीत पहिल्या तासात मनातल्या मनात तो शिक्का मारला.

मग ठरलेला कार्यक्रम दिला. तांदळाच्या डब्यात हात घालून मणी शोधणं, ओल्या वाळूचे लाडू, मऊ ब्रशने हात घासणं. आई बिचारी इमानाने करत होती. बाबू तांदळात हात घाली, मणी काढी, पुन्हा मुठी खिशात. वाळूचा विषय पहिल्याच दिवशी संपला. नखं तिथेच. दोन आठवडे असे गेले. त्यात एसटीचे दोन दिवस आणि आईचे दोन बाजार बुडाले. बंदीचे ६१ दिवस तिकडे कमी होत होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

घरी काय दिसलं

पहिली गोष्ट दिसली ती नेलकटर. तो देव्हाऱ्याशेजारी पावडरच्या डब्यात होता. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. कटरच्या जबड्याला तांबेरा चढला होता आणि धार गेली होती. मी माझ्याच करंगळीवर चालवून पाहिला. नख कापलं गेलं नाही, दुमडलं आणि ओढलं गेलं. नखाच्या पुढे आलेल्या कडेला स्वतःची संवेदना नसते, पण तिच्या खालची कातडी अतिशय हळवी असते. नख ओढलं की कळ तिथे जाते. मी हात झटकला. बाबू दारातून बघत होता आणि त्याच्या तोंडावर जे होतं त्याला मी 'मी सांगत होतो' असंच म्हणेन.

दुसरी गोष्ट आजीने सांगितली, तीही चहा ओतता ओतता. "बाय, त्या एप्रिलात बोट पिकलेलं ना, तेव्हापासून लयच झालंय."

कुठलं बोट? आईने दवाखान्यात हे सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझा प्रश्न होता, "कधीपासून असं करतो?" आणि त्यावर तिचं उत्तर होतं, "पहिल्यापासूनच." दोन्ही खरं होतं.

एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. बाबू चुलत भावंडांबरोबर बिया गोळा करायला गेला होता. ओल्या काजूबीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा उततो तसाच हाही उततो. बोटांची कातडी काळी पडून सोलली. त्यात उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. आजीने लिंबू कापून बोटात घातलं. सोललेल्या कातडीवर लिंबू! दोन दिवसांनी अंगठा टरारून फुगला, तेव्हा शेजारच्या एका जाणत्या माणसाने ब्लेडने नखाची कड मोकळी केली. पू निघाला, ठणका थांबला, सगळ्यांना बरं वाटलं. बाबूला तेव्हा तिघांनी धरलं होतं. एक जण पायांवर बसला होता.

त्यानंतर मे महिन्यात आईने झोपेत नखं काढून पाहिली. दोनदा जमलं. तिसऱ्या वेळी तो जागा झाला. तेव्हापासून तो हात छातीखाली घेऊन पालथा झोपतो, आणि आई झोपल्याशिवाय झोपत नाही.

हळवेपणा जन्माचा, भीती एप्रिलची, आणि हत्यार गंजकं. या तिन्हींवर मी तांदळातले मणी शोधायला लावत होते.

तिसरी गोष्ट पडवीत होती. वडील जाळं दुरुस्त करत बसले होते. बाबू त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला आणि मी आल्यापासून पहिल्यांदा त्याचे हात खिशातून बाहेर आले. वडील गाठ मारत, बाबू नायलॉनच्या दोऱ्याचं टोक ताणून धरी, वडील ते कापत. तीच बोटं, ज्यांना कुणी हात लावायचा नव्हता, ती ओल्या, खरखरीत, खारट दोऱ्यांत आरामात फिरत होती.

कोणते पर्याय तोलले

त्या दिवशी पडवीतच आम्ही चौघं बोललो. आजीही होती, आणि तिचं म्हणणं मुद्दाम आधी ऐकलं, कारण घरातला शेवटचा शब्द तिचा होता.

धरून कापायचं, हा वडिलांचा पर्याय. "पाच मिनिटं रडेल, सुटेल." यात तथ्य नाही असं नाही, नखं खरोखर कापली जातात. पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा एक माणूस जास्त लागत होता, हे त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "पुढच्या वर्षी किती लागतील?" ते हसले. उत्तर मिळालं होतं.

झोपेत कापायचं, हा पर्याय एरवी मी सुचवते. लहान बाळांना तो उत्तम. इथे तो बाद होता. त्याने नखांच्या भीतीला झोपेपर्यंत नेलं होतं.

मोबाईल दाखवत कापायचं. आईला हे सोपं वाटत होतं. मी नको म्हटलं. ज्या मुलाला अचानक झालेल्या दुखण्याची भीती आहे, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवून मध्येच 'टिक' करणं म्हणजे पुन्हा अचानकच. त्याला बघू द्यायला हवं होतं. काही मुलांना मोबाईल चालतो, हे मान्य. याला चाललं नसतं असं मला वाटलं, आणि हा पर्याय आम्ही तपासून पाहिलेला नाही.

कापायचंच नाही, कानशीने घासायचं. मी एक बारीक कानस नेली होती. वडिलांच्या नखावर घासून दाखवली, तर त्या आवाजानेच बाबू आत पळाला. संपलं.

राहिला सवयीचा रस्ता, पायरीपायरीने. तो काही नवा नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्यावर जे केलं ते तत्त्व अजून तेच आहे. मूल आवडीचं काही खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि रोज थोडा जवळ आणायचा. अडचण वेळेची होती. १ ऑगस्टला वडील बोटीवर जाणार होते आणि घरात बाबूचा विश्वास उरलेला माणूस तोच एक होता.

तिथे एक हिशोब उपयोगी पडला. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दहा दिवसांत एक. पायाचं याच्या निम्म्या वेगाने. मग दहा नखं एकाच दिवशी कशाला? दिवसाला एक काढलं तर प्रत्येक बोटाची पाळी दहा दिवसांनी येते आणि कुठलंच नख मिलिमीटरभराहून फार वाढत नाही. रविवारच्या सकाळची गरजच उरत नाही. आजीने लगेच विचारलं, "आणि शनिवार?" शनिवारी सुट्टी. सोमवारीही सुट्टी. अमावस्येलाही. तेरा-चौदा दिवसांत फेरी पूर्ण झाली तरी काही बिघडत नाही. आजी खूश झाली, आणि मला वाटतं या घरात त्या दिवशी झालेला सगळ्यात मोठा बदल तोच. आतापर्यंत प्रत्येक मॅडम, प्रत्येक बाई तिला 'अंधश्रद्धा सोडा' म्हणत आली होती. तिचे नियम न मोडता काम होत होतं, तर मी त्यावर एक चकार शब्द का काढावा?

काय केलं

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. अंगठा बरा झाला आहे ना, हे डॉक्टरांनी बघितलं. रात्रीच्या खाजेवर कृमीचं औषध दिलं, घरातल्या सगळ्यांना, आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस. सुतकृमींची अंडी नखांखाली बसतात आणि तोंडावाटे परत पोटात जातात, म्हणून नखांचा आग्रह चुकीचा नव्हता. पण औषध पडल्यावर 'आजच्या आज कापा' ही घाई गेली. नखं कापेपर्यंत साबणाने हात धुणं आणि मऊ ब्रश नखांखालून फिरवणं एवढंच ठरलं. ब्रश बाबूच्या स्वतःच्या हातात.

मग शाळा. बाईंना मी चिठ्ठी न पाठवता स्वतः जाऊन भेटले. त्या वाईट नव्हत्या. वर्गात ३० मुलं आणि तपासणीचा तक्ता भरायचा. मी म्हटलं, तीन आठवडे बाबूची नखं बघू नका, धुतलेले हात बघा. त्यांनी सगळ्या वर्गाचेच धुतलेले हात बघायला सुरुवात केली. बाबू दुसऱ्या दिवशी शाळेत गेला.

जुना नेलकटर आजीने स्वतःच्या हाताने माडाच्या आळ्यात पुरला. नवा, लहान आकाराचा, दापोलीच्या बाजारातून आणला तो बाबूने निवडला. निळा. वापरून झाला की कोरडा पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा, हे वडिलांनी स्वतःहून ठरवलं. बोटीवरची हत्यारं ते तशीच ठेवतात.

पहिले तीन दिवस तो कटर जाळ्याच्या ढिगावर नुसता पडून होता. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, ही सूचना. चौथ्या दिवशी वडिलांनी दोऱ्याचं टोक ब्लेडऐवजी त्याने कापलं. टिक. बाबू दचकला, पण उठला नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "मी कापू?"

इथून पुढचे दिवस वडिलांनी मला फोनवर सांगितले आणि मला ते ऐकायला फार आवडायचे. बाबू दिवसभर दोरे कापत सुटला. चांगलं जाळं कापेल या भीतीने वडिलांनी जुन्या जाळ्याचा तुकडा त्याला दिला आणि त्याला दहा दोऱ्यांच्या शेपट्या बांधून दिल्या. तो 'टिक' आवाज, ज्याने तो आधी कानांवर हात घ्यायचा, आता त्याच्या हुकमाने होत होता. आठव्या दिवशी त्याने वडिलांचं नख कापलं. खलाशाचं नख, जाड, मिठाने कडक झालेलं. त्याच्याने एका दमात कापेना. वडील "अरे, जोर लाव की" म्हणाले, त्याने लावला, तुकडा उडून आजीच्या सुपात पडला आणि सगळे हसले. "दुखलं?" "नाय." "खरं सांगा." "नाय रे."

दरम्यान रोज आंघोळीनंतर, नखं पाण्याने मऊ झालेली असताना, आजी त्याच्या बोटांना खोबरेल लावून प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत घट्ट दाबायची. वहीतल्या त्या रेघ मारलेल्या वाक्याची आठवण मला इथे आली. हलका, निसटता स्पर्श अशा मुलांना बोचतो. ठाम दाब चालतो, शांतही करतो. मऊ ब्रशने हात घासायला सांगून मी नेमकं उलटं केलं होतं.

अकराव्या दिवशी डाव्या करंगळीचं नख. आधी जाळ्याची एक शेपटी बाबूने कापली, मग वडिलांनी कटर त्याच्या नखाला नुसता टेकवला, मग कापलं. तेही अर्धंच, कारण त्याने "थांब" म्हटलं. थांब म्हटलं की थांबायचं, हा एकच नियम मी वडिलांकडून वदवून घेतला होता.

सतराव्या दिवशी तो मोडला. मधल्या बोटाचं कोपऱ्यावरचं एवढंसं टोक राहिलं होतं. बाबू "थांब" म्हणाला, वडील "एवढंच राहिलंय" म्हणाले आणि कापून टाकलं. दुखलं नाही, रक्त आलं नाही. तरी पुढचे तीन दिवस कटर डबीतच राहिला. वडिलांनी फोन केला तेव्हा आवाज पडलेला होता. मी विचारलं, चूक कुणाची हे त्याला सांगितलंत का? बापाने मुलाची माफी मागायची, हे त्यांना जड गेलं असणार. काय बोलले ते मला माहीत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा एक शेपटी, एक नख.

३१ जुलैला डाव्या हाताची पाचही आणि उजव्याची चार नखं एकदा होऊन गेली होती. उजव्या अंगठ्याला कुणी हात लावला नव्हता. वडील जायच्या आधी तोही उरकावा का? वडिलांचा आग्रह होता. मी नको म्हटलं. तो अंगठा एप्रिलचा होता, आणि बोट सुटायच्या आदल्या दिवशीची घाई मला धोक्याची वाटली. त्यांनी ऐकलं. आई ते नख घासून का होईना, कमी ठेवत राहिली. कानशीऐवजी कापडाच्या खरबरीत पट्टीने, जी त्याने सहन केली.

गणपतीत

ऑगस्टभर आईने चालवलं. रोज नाही, पण चालवलं. मग चाकरमानी आले. घर भरलं, पडवीत चपलांचा ढीग. काकीने बाबूची उजव्या अंगठ्याची वाढलेली कड बघितली आणि आई मोदकांच्या गडबडीत असताना त्याला मांडीवर घेऊन दाबून धरलं. प्रेमाने, हेही सांगायला हवं. काकीने दोन मिनिटांत चार नखं काढली, अंगठ्यासकट. आई किंकाळी ऐकून धावली.

त्या रात्री तो पुन्हा पालथा झोपला.

आईने मला दुसऱ्या दिवशी फोन केला. ती रडत होती. मला वाटलं होतं, सगळं धुऊन गेलं. पण विसर्जनानंतर पाचव्या दिवशी बाबूने स्वतः डबी आणली, आईसमोर ठेवली आणि बजावलं, "आज करंगळीची पाळी. अंगठ्याची नाही." जुलैमध्ये शून्यावरून उठायला अकरा दिवस लागले होते. पाळी हा त्याचा नियम झाला होता, आणि काकीने मोडला तरी तो त्याच्याकडे शाबूत होता.

आज पुन्हा करायचं तर

दोन आठवडे मी वाया घालवले, हे लिहून झालं आहे. "कधीपासून?" या प्रश्नाऐवजी आता मी "शेवटचं धरून ठेवावं लागलं तेव्हा काय झालं होतं?" असं विचारते. आणि घरचा नेलकटर सोबत घेऊन या म्हणून सांगते. आतापर्यंत आलेल्यांतले बरेच गंजके निघाले.

काकीचा प्रसंग टाळता आला असता का? मला वाटतं, हो. मुंबईचं घर गणपतीला येणार हे सगळ्यांना माहीत होतं. जुलैतच वडिलांनी भावाला एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी घरातल्या चौघांचा विचार केला, आणि कोकणात सप्टेंबरमध्ये घर चौघांचं नसतं.

पायाच्या नखांकडे मी उशिरा वळले. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या आणि ओली कातडी हुळहुळी होती, म्हणून पाय पुढे ढकलले. कारण बरोबर होतं. पण ऑक्टोबरमध्ये ऊन पडल्यावरही आणखी एक महिना गेला, तो निव्वळ माझ्याकडून राहून गेला. हाताचं जमलं म्हणजे पायाचं आपोआप जमेल असं मी गृहीत धरलं. नाही जमलं. पायांना त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली, आणि यावेळी जाळं नव्हतं.

केसांचा प्रश्न तर अर्धाच आहे. आषाढात कापायचे राहिले, मग श्रावण लागला आणि घरात श्रावणात कुणी केस कापत नाही. सलूनमधल्या मशीनची घरघर कटरच्या 'टिक'पेक्षा फार मोठी. सध्या आई कात्रीने कपाळावरचे तेवढे कापते, तेही बाबू आरशात बघत असताना. शाळेच्या फोटोत तो कानांवर केस आलेला दिसतो. आजीला ते आवडतं, बाईंना नाही, माझं अजून ठरलेलं नाही.

नोव्हेंबरअखेर

डाव्या हाताची चार नखं बाबू आई शेजारी असताना स्वतः काढतो, वाकडीतिकडी. उजव्या हाताची आई काढते, पाळीने. जाळ्याच्या शेपट्या लागत नाहीत, पण तो तुकडा डबीसोबत असतो. शाळेत तो हात पुढे करतो. ओली वाळू अजून नको, चपला लागतातच, आणि त्याबद्दल मी काही करणार नाही.

उजव्या अंगठ्याचं नख बाबा बंदराला लागल्यावरच. बोट आठ-दहा दिवसांनी परत येते. गेल्या खेपेला वाऱ्यामुळे ती उशिरा आली, तेव्हा आईने मला फोटो पाठवला: अंगठा कॅमेऱ्यासमोर धरलेला, नख चांगलं दोन मिलिमीटर पुढे आलेलं, आणि खाली लिहिलं होतं, "बघा मॅडम, वाट बघतोय."